अर्ध्या छटेचा फरक

आमच्या काकांनी रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं एकच काम केलं, नाही म्हणायचं. गिऱ्हाईक नमुना पाठवायचं, कुणी कापडाचा तुकडा, कुणी जुन्या दाराची ढलपी. कामगार त्यावरून रंग कालवून आणायचे. काका खिडकीच्या उजेडात दोन्ही शेजारी धरायचे आणि म्हणायचे, अर्ध्या छटेचा फरक आहे. की पिंप परत. रंग तंतोतंत जुळला, तरच चिठ्ठीवर 'मंजूर' आणि खाली सही. पाठीमागे सगळे त्यांना 'अर्धी छटा' म्हणत. काकांना ते माहीत होतं आणि, खोटं कशाला सांगू, त्याचा त्यांना अभिमानच होता.

निवृत्तीनंतर हाच उद्योग घरात सुरू झाला. आजच्या चहाचा रंग कालच्या चहाशी जुळेना. शेवटी काकूनं त्यांना हौशी चित्रकारांच्या वर्गात नेऊन बसवलं. तिथल्या बाईंनी सांगितलं, गळून पडलेलं एक पान उचला, पुढ्यात ठेवा, दिसतं तसं रंगवा; पंधरा दिवसांनी प्रदर्शन आहे.

काकांनी हे भलतंच मनावर घेतलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे रंग जुळवले, एक तरी गोष्ट आपल्या नावानं भिंतीवर लागावी, असं ते मला म्हणाले.

पान झकास मिळालं होतं. लालबुंद, देठाशी पिवळं, एका कडेला किडीनं पाडलेलं भोक. बाकीच्यांनी दोन तासांत आपापली पानं उरकली. काकांचा पहिल्या दिवशी जेमतेम देठ झाला. तिसऱ्या दिवशी मात्र अख्खं पान पुठ्ठ्यावर उतरलं, आणि काय सुरेख उतरलं होतं म्हणून सांगू. बाई म्हणाल्या, आता हात लावू नका, सही करा. काका म्हणाले, उद्या एकदा ताडून बघतो.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी पान चित्राशेजारी धरलं, तर पान सुकून विटकरी झालेलं. दुसरा कुणी म्हणाला असता, पान सुकलं. काका म्हणाले, माझा रंग चुकला. कारखान्यात नमुना कधी चुकत नसे ना.

झालं. पान विटकरी, चित्र विटकरी. पान तपकिरी, चित्र तपकिरी. पानाच्या कडा वळल्या, तशा काकांनी चित्रातल्याही वळवल्या. मी तसंच दुसरं लाल पान आणून दिलं, तर मधेच नमुना बदलणं ही लबाडी आहे, असं मला ऐकवण्यात आलं. थरांवर थर चढून पुठ्ठा उचलायला जड झाला.

प्रदर्शनाच्या दिवशी बारापर्यंत चित्रं द्यायची होती, आणि सही नसलेलं चित्र घेणार नव्हते. बाराला दहा कमी असताना काका दालनाबाहेरच्या बाकावर बसले होते, मांडीवर चित्र, हातात ते पान.

"फरक आहे अजून," ते म्हणाले. "नाही द्यायचं."

त्यांचे डोळे भरले होते. मला वाईट वाटत होतं आणि रागही आला होता.

काकू शेजारीच बसली होती. तिनं पान त्यांच्या हातातून घेतलं, उजेडात धरून बघितल्यासारखं केलं आणि मुठीत चुरडलं. चुरा शेजारच्या कुंडीत टाकून हात झटकले.

"आता नमुना नाही," ती म्हणाली. "आता तुम्ही म्हणाल तोच रंग."

काका आधी तिच्याकडे बघत राहिले, मग बराच वेळ चित्राकडे, शेजारी काहीही न धरता. भोकाच्या कडेला ब्रश पोचला नव्हता, तिथे पहिला लाल अजून शिल्लक होता. त्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"अगं, हाच बरोबर होता की."

काकूनं पेन पुढे केलं. त्यांनी कोपऱ्यात सही केली, आणि एकतीस वर्षांच्या सवयीनं सहीच्या वर लिहून टाकलं, 'मंजूर'. लक्षात आल्यावर ते खोडायला निघाले, तेवढ्यात काकूनं चित्र ओढून घेतलं आणि आत नेऊन दिलं.