पायावरचं लेकरू

माझा उजवा खांदा पहिल्यांदा निखळला तेव्हा मी शाळेत होते. लातूरला आमच्या गल्लीत टँकर आला होता आणि भरलेली घागर उचलताना हात जागचा सुटला. दुखलं असं म्हणणं फारच कमी आहे. हात माझ्याच अंगाला लटकत होता आणि माझा राहिला नव्हता. पाणी सांडलं म्हणून आई आधी ओरडली, मग माझ्याकडे बघून मटकन खाली बसली. पुढं डॉक्टरांनी सांगितलं की माझे सांधे जन्मतःच सैल आहेत. काही दिवसांनी डाव्या खांद्यानंही उजव्याचं वळण घेतलं. उजव्याचं ऑपरेशन झालं, थोडी वर्षं बरी गेली, आणि एके दिवशी तो नुसत्या शिंकेनं पुन्हा बाहेर आला. चारचौघांत सांगण्यासारखं कारण तरी असावं की नाही.

आता मी नांदेडला एका शाळेत शिकवते आणि खोली करून एकटी राहते. माझा फळा अर्धाच असतो, कारण हात खांद्याच्या वर गेला की खेळ खलास. पोरं म्हणतात, मॅडम वरचा फळा पुढच्या तासाच्या सरांसाठी राखून ठेवतात. मीही हसते. केस मान खाली घालून विंचरते, बसमध्ये वरची दांडी धरत नाही, झोपते ती उताणी, दोन्ही बाजूंना उशा लावून. एवढं करून निखळलाच तर पलंगावर पालथं पडायचं, हात खाली लोंबता सोडायचा आणि मनगटाला पाण्याची छोटी कळशी बांधायची. वजनानं हाड हळूहळू जागेवर सरकतं. घरी होते तोवर कळशी आई बांधायची. नांदेडला शेजारच्या मुसलमान मावशी बांधतात, त्यांना सगळे खाला म्हणतात. त्या काही विचारत बसत नाहीत, कळशी भरूनच आत येतात.

लग्न झालं नाही. बघायला आलेल्यांपासून आम्ही खांद्याचं कधी लपवलं नाही, आणि आलेले पुन्हा आले नाहीत. याचं मी फार काही वाटून घेत नाही, निदान दिवसा तरी. पण भावाच्या घरी लेकरू येणार हे कळलं तेव्हा सगळ्यांत जास्त मीच नाचले, अर्थात हात न हलवता. मला एकच हवं होतं. ते लेकरू एकदा माझ्या हातांत घ्यायचं, छातीशी धरायचं, बस्स. नांदेडच्या खोलीत मी उशी घेऊन सराव केला. कोपर अंगाला चिकटवून धरलं तर जमतं असं वाटत होतं. मग एका सकाळी भाताचा कुकर ओट्यावरून उतरवताना उजवा हात सुटला आणि भात घरभर झाला. त्यानंतर उशी पुन्हा गादीवर गेली.

बारसं भावजयीच्या माहेरी, देवणीला होतं. मुलगी झाली होती. आत्या म्हणून मी एकटीच, त्यामुळं नाव कानात सांगायचा मान माझा. आमच्याकडं आत्यानं कानात नाव सांगितलं की बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालतात. कुणाचा तरी वर्षभराचा राग त्यात निघतो, आत्या ओरडते, सगळ्या हसतात, आणि तिथं खरं बारसं होतं. माझ्या आईनं मात्र सकाळपासून दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येक बाईला बजावलं होतं, हिच्या पाठीला हात लावू नका, हिचा खांदा लई नाजूक हाय. लेकरू पाळण्याच्या वरून द्यायचं, खालून घ्यायचं, तेव्हाही मला हळूच बाजूला केलं. त्याआधी झबलं घातलेला वरवंटा फिरवतात, त्यालासुद्धा मला शिवू दिलं नाही.

मी पाळण्यावर वाकले आणि कानात नाव सांगितलं. मग डोळे मिटून थांबले. पाठीवर दोन-तीन ठिकाणी बोटं टेकली, इस्त्री तापली का बघावं तशी. एक म्हातारी तर पाठ गोंजारूनच गेली. कुणी हसलं नाही. मला इतकं वाईट वाटलं की घुगऱ्या घ्यायलाही मी पुढं झाले नाही.

पंगत बसली तेव्हा भावजय आतल्या खोलीत लेकराला पाजत होती. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, एकदा दे ना माझ्याकडं. तिनं लेकराकडं बघितलं, माझ्या खांद्यांकडं बघितलं. गुणाची पोर आहे ती, खोटं बोलली नाही.

"अक्का, राग मानू नका," ती म्हणाली. "हातात द्यायला मला भ्या वाटतंय. तुम्ही पाय लांब करून बसा, मी पायावर देते."

न्हाऊ घालताना घेतात तसं. मी भिंतीला टेकून पाय पसरले, तिनं दोन्ही बाजूंना उशा लावल्या आणि लेकरू माझ्या पायांवर ठेवलं. तिची एवढीशी ऊब नडग्यांना लागली. मी पाय हलवत राहिले, लेकरू झोपलं. भावजय म्हणाली, दोन घास खाऊन आलेच. मला तेव्हा खरंच वाटलं की हेही काही कमी नाही.

ती गेली आणि लेकरू जागं झालं. आधी कुरकुर, मग तोंड लाल करून रडणं. मी पाय हलवले, गुणगुणले, तिच्या पोटावर हात ठेवला. रडणं वाढतच गेलं, श्वास अडकायला लागला. मी दोन्ही हात तिच्या मानेखाली, पाठीखाली घातले. उचलणार, तोच उजव्या खांद्यात ते ओळखीचं सरकणं जाणवलं. हाड कडेला येऊन थांबलं होतं. मी हात काढून घेतले आणि तिच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर टेकवले.

मग हाका मारल्या. बाहेर वाढप्यांचा गलका, भांडी, कुणीतरी लावलेली गाणी. कुणाला ऐकू जाईना. एवढंसं तोंड माझ्याकडं बघून रडत होतं आणि मी, तिची सख्खी आत्या, तिच्यासमोर हात टेकून बसले होते. उठताही येत नव्हतं.

शेवटी आई आली, बोटांना वरण लागलेलं. तिनं लेकरू उचलून खांद्याला लावलं, दोनदा थोपटलं आणि ते गप्प झालं. मग तिचं लक्ष माझ्या हातांकडं गेलं. तिला सगळं समजलं.

"बरं केलंस माय," ती म्हणाली. "उचललं न्हाईस ते लई बरं केलंस."

तिनं मोकळा हात माझ्या डोक्यावरून फिरवला. आई शाबासकी देणाऱ्यांतली नाही. माझे निकाल, माझी नोकरी, कशालाच तिनं असं म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाली, कारण माझ्या भावाचं लेकरू पुढ्यात रडत होतं आणि मी ते उचललं नव्हतं.