व्हर्लिन आणि सकाळची गोळी

व्हर्लिन स्ट्राउडसारखा नाच पुकारणारा आमच्या वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांत दुसरा नव्हता, आणि त्याच्याइतका घोळ घालणाराही नव्हता. शनिवारी रात्री शेतकऱ्यांच्या हॉलमध्ये फिडल, म्हणजे आमचं गावठी व्हायोलिन, सुरू झालं की हा माईक धरून उभा. चार जोडप्यांची एक चौकडी. तो पुकारेल तसं फिरायचं, जोडीदार बदलायचे, आणि शेवटी त्यानं प्रत्येकाला आपापल्या माणसाकडे आणून सोडायचं. कोण कुठे गेलंय ते पुकारणाऱ्यानं डोक्यात धरायचं असतं. व्हर्लिनला मध्येच खिडकीतून कुणाचा तरी ट्रक दिसायचा, नाहीतर विनोद आठवायचा. गाणं संपायचं तेव्हा निम्मा हॉल भलत्याच्याच नवऱ्याचा नाहीतर बायकोचा हात धरून उभा! आम्ही पोट धरून हसायचो. त्याची बायको ओपल हसायची नाही.

कारण घरीही हेच. ती बोलायला लागली की हा मान डोलवायचा आणि वाक्य अर्धं असतानाच गवत कापायला निघायचा. सफरचंदांच्या हंगामातल्या नाचात तर त्यानं तिला खतवाल्या थर्मनच्या गळ्यात घातलं आणि स्वतः बोकडाचा किस्सा सांगत बसला. ओपल तशीच निघून गेली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "मार्वा, मी बहिणीकडे चाललेय, ओहायोला. कायमची. भिंतींशीच बोलायचं तर तिच्या भिंती काय वाईट आहेत?"

मी शाळेतली नर्स. दुपारच्या सुट्टीत लक्ष न लागणारी पोरं माझ्यासमोर गोळी घेतात. व्हर्लिनची लक्षणं हुबेहूब तीच. "ओपल, नाताळपर्यंत थांब," मी म्हटलं. "मग खुशाल जा."

डॉक्टरकडे नेताना हा गाडीत कुरकुरत होता. "या वयात पोराटोरांची गोळी?"

"पोरं तुझ्यापेक्षा शहाणी आहेत. गप बस."

डॉक्टरांनी बरंच विचारलं, शाळेतली जुनी प्रगतिपुस्तकं पाहिली, रक्तदाब तपासला आणि कमी डोसनं सुरुवात केली. येताना मी त्याला समजावलं, "यानं बुद्धी वाढत नाही हं. मेंदूत डोपामिनसारखी रसायनं असतात. गोळी ती थोडी जास्त वेळ कामावर ठेवते. मग लक्ष जागेवर राहतं. लक्ष राहिलं तर ऐकलेलं आत जातं, आणि आत गेलं तरच आठवतं."

डोस बसायला काही आठवडे गेले. भूक मेली, ओपलनं भाजलेले बिस्किट-पाव ताटात तसेच राहू लागले. आणि सकाळची गोळी दुपार कलली की उतरायची, त्यामुळे शनिवारचे घोळ जसेच्या तसे. थर्मन खूश होता. पण एकदा न्याहारीला ओपल शेजारणीच्या गुडघ्याबद्दल सांगत होती, तर यानं शेवटपर्यंत ऐकून विचारलं, "उजवा की डावा?" ओपलनं कप खाली ठेवला, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "डावा."

मला वाटलं, जमलं! कसलं काय. नाताळ झाल्यावर मी त्यांच्याकडे गेले तर बॅगा दारात. ओपल कोट घालून उभी.

"आता ऐकतो गं तो," ती म्हणाली. "पण एवढी वर्षं मी कुणाशी बोलत होते?"

व्हर्लिन टेबलाशी बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मार्वा, हिची आई गेली तेव्हा ही रात्रभर माझ्याशी बोलली होती. मला हिचा निळा स्वेटर आठवतो. शब्द एकही नाही. या गोळीनं ते परत येतील?"

खोटं बोलावंसं फार वाटलं मला. पण म्हटलं, "नाही रे. आत गेलंच नाही, ते येणार कुठून?"

तो रडला. एवढा मोठा माणूस, बाहीनं डोळे पुसत होता. मग त्यानं शेजारची खुर्ची ओढली. "ओपल, पुन्हा सांगशील?"

"काय?"

"आईचं. मग बाकीचं. जे जे मी ऐकलं नाही ते."

ओपलनं घड्याळाकडे पाहिलं. "गोळी कधी घेतलीस?"

"आठला."

"म्हणजे चारपर्यंत आहेस तू." तिनं कोटाची बटणं सोडली आणि माझ्याकडे वळली. "मार्वा, तू जा बाई आता. आम्हाला फार वेळ नाहीये."