काकीच्या अंगठीतला पिरोजा

परवा कुकरची मूठ जळली आणि त्या वासाने मला थेट मालवणात, काकीच्या चुलीपुढे नेऊन बसवलं.

मी नुकतीच मॅट्रिक झाले होते, म्हणजे जगातलं सगळं मला कळत होतं. बोटीवर नोकरीला असलेल्या काकांनी बसऱ्याहून काकीसाठी चांदीची अंगठी आणली होती. तिच्यातला निळा पिरोजा सहा वर्षं तेला-पाण्यात राहूनही हिरवट पडला नव्हता, याचं काकीला कौतुक आणि मला संशय. खरा पिरोजा तेलाने हिरवट पडतो आणि तापल्या सुईने वितळत नाही, हे मी सोनाराकडे ऐकलं होतं.

"बघ टोचून, खरोच आसा तो," काकी हसत म्हणाली.

चुलीत तापवलेली सुई सहज आत गेली. जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. मी विजयाने वर पाहिलं, तर काकीचं हसू गेलेलं.

"काकांक सांगू नको हां गो. तेंका कोणीतरी फसवल्यान."

मे महिन्यात काका आले. जेवताना त्यांना भोक दिसलंच.

"फोडणीचा तेल उडला," काकी घाईने म्हणाली.

तेलाने दगडाला भोक कसं पडेल, असं त्यांनी विचारायला हवं होतं. ते खाली मान घालून जेवत राहिले. मी सुटले, एवढंच मला तेव्हा कळलं. काकी मात्र भाताचा डाव हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली होती.