दोमलांच्या नावाची गांधीलमाशी

दुपार कलली की होसियतचे डोळे चुरचुरायला लागायचे. ताश्कंदच्या कीटकसंग्रहालयात एकतीस वर्षं ती एकाच कुळातल्या गांधीलमाश्या निवडत आली होती. दुसऱ्या किड्यांच्या अंड्यांत अंडी घालणाऱ्या, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या. आधी पावलाचे पेरे मोजायचे. तीन असले तर याच कुळातली. मग पंखांवरच्या केसांच्या रांगा, मग नराच्या मिशांवरचे केस. दिवसाकाठी चाळीस काचपट्ट्या. मान आखडायची. घरी गेल्यावर बोलायचाही कंटाळा यायचा.

त्या सप्टेंबरात कुवा गावाहून गुलसनम नावाची तरुण संशोधक आली. कपाशीवरच्या बोंडअळीचा बंदोबस्त करायला तिकडच्या प्रयोगशाळेत याच माश्या वाढवतात. तिनं दोन कुप्या टेबलावर ठेवल्या.

"ओपा," ताई म्हणावं तशी ती म्हणाली, "ही सगळी एकाच आईची लेकरं आहेत."

होसियतनं भिंगातून पाहिलं. "कशी असतील? हे लांब केसांचे, हे आखूड. दोन वेगळ्या जाती आहेत. कुप्यांची अदलाबदल केलीस तू."

"मलाही तेच वाटलं. म्हणून पाचदा करून पाहिलं. एकाच मादीला आधी बोंडअळीची अंडी दिली, मग धान्यातल्या पतंगाची बारकी. मोठ्या अंड्यांतून लांब केसांचे निघाले, बारक्यांतून आखूड. खायला मिळेल तसं अंग."

होसियतनं भिंगावरून डोळा काढला. आखूड केसांची जात बावीस वर्षांपूर्वी तिनंच नवी म्हणून नोंदवली होती आणि तिला आपल्या गुरुजींचं, मिरवाली दोमलांचं, नाव दिलं होतं. ते नमुने धान्याच्या गोदामातले होते, हेही तिला आठवलं.

तीन आठवडे तिनं जुन्या पट्ट्या पुन्हा मोजल्या. लांब आणि आखूड यांच्या मधल्या मापाच्या केसांचे चौदा नर निघाले; म्हणजे जात एकच. जात नोंदवताना असे दोन-तीन दिसले होते. वाळून आक्रसले असतील म्हणून तिनं ते बाजूला सारले होते.

रविवारी ती दोमलांकडे गेली. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे दोमला द्राक्षाच्या मांडवाखाली बाजेवर बसले होते. तिनं सगळं सांगितलं. त्यांनी तिच्या वाटीत चहा ओतला, स्वतःच्या ओतला, आणि बराच वेळ प्यायलेच नाहीत.

"मी अजून जिवंत आहे, होसियत. थोडी थांबली असतीस."

"दोमला, चूक माझी आहे. मी नाही लिहिलं तर दुसरं कोणी लिहील."

"मधल्या मापाचे किती?"

"चौदा."

"मग काय उरलं बोलायला," ते म्हणाले. "लिही. पण लेखावर पहिलं नाव त्या कुव्याच्या मुलीचं घाल."

नेहमी फाटकापर्यंत सोडायला येणारे दोमला त्या दिवशी बाजेवरून उठले नाहीत. बसमध्ये होसियत खिडकीला डोकं टेकून बसली. रडूही येईना, इतकी ती थकली होती.

पुढचे दोन महिने तिनं ओळख पटवण्याच्या तक्त्यातली या दोन जाती वेगळ्या करणारी पायरी काढून खालच्या सगळ्यांचे आकडे बदलले. दोनशे बारा पट्ट्यांवर दोमलांच्या नावाखाली लांब केसांच्या जातीचं नाव लिहिलं. गुलसनमनं पहिल्या नावाला नको नको म्हटलं; होसियतनं ऐकलं नाही.

लेख छापून आला त्या आठवड्यात दोमलांचा फोन आला.

"तिसऱ्या पानावर मापं चुकलीत. शून्य राहिलंय."

"पाहते, दोमला."

"पाहू नको, सुधार." मग म्हणाले, "रविवारी ये. सून पुलाव करणार आहे. तो लेख घेऊन ये, चष्मा लावून पुन्हा नीट वाचतो."


होसियतनं लेख उघडला. शून्य खरंच राहिलं होतं.