साडूभाऊंच्या दोन खुर्च्या

आमच्या साडूभाऊंनी जागची हलवली नाही अशी खुर्ची उभ्या छत्रपती संभाजीनगरात सापडणं कठीण आहे. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे वैजापूरचे, पेशानं वकील. पण अलीकडे ते कौटुंबिक न्यायालयात मध्यस्थ म्हणून बसतात. घटस्फोटाला आलेल्या नवरा-बायकोला न्यायाधीश आधी मध्यस्थाकडे धाडतात. तिथं निकाल कुणी देत नाही, दोघांनी बोलून आपला मार्ग आपण काढायचा. तो निघावा म्हणून साडूभाऊंकडे एकच औषध आहे. ते दोघांना समोरासमोर बसू देत नाहीत. दोन्ही खुर्च्या शेजारी-शेजारी आणि तोंडं साडूभाऊंकडे. "समोर बसलं की माणूस भांडतो, शेजारी बसलं की बोलतो," हे ते कुणी न विचारताही सांगतात.

हे औषध कोर्टापुरतं राहिलं असतं तर तक्रार नव्हती. पण ते आमच्या घरी आले की चहाआधी सोफा सरकतो. क्रांती चौकातल्या हॉटेलात मला आणि बायकोला ते एकाच बाकावर बसवतात, आणि आम्ही दोघं शाळकरी पोरांसारखे कोपर सांभाळत डोसा खातो. फर्दापूरच्या एका लग्नात तर कहर झाला. वरपक्ष आणि वधूपक्ष मांडवात आमनेसामने बसलेले पाहून साडूभाऊंना राहवेना. मांडववाल्याला हाताशी धरून त्यांनी सगळ्या खुर्च्या फिरवल्या, दोन्हीकडची माणसं एकमेकांत मिसळून टाकली. एवढ्यात नवरदेव दारात आला, तर मधली वाट गायब. बिचारा आचाऱ्याच्या चुलीला वळसा घालून बोहल्यावर पोचला. भांडण मात्र झालं नाही, कारण दोन्ही पक्ष मिळून साडूभाऊंना शोधत होते.

मध्यस्थाच्या खोलीतलं बाहेर बोलायचं नसतं, आणि ते खरोखरच बोलत नाहीत. बायकोलासुद्धा नाही. घरी येऊन फक्त "आज खुर्च्या जवळ आल्या" किंवा "आज नाय आल्या" एवढंच सांगतात, आणि त्यावरून आमच्या मोठ्या मेहुणीबाई रात्री गोड करायचं की नाही ते ठरवतात. एकदा एक जोडपं त्यांच्यावरच चिडून, हा कसला मध्यस्थ म्हणत एकाच स्कूटरवरून निघून गेलं. हे आम्हाला कोर्टाबाहेरच्या चहावाल्याकडून कळलं. त्या रात्री त्यांच्याकडे शिरा होता.

मग त्यांच्या स्वतःच्या लेकीचं प्रकरण त्याच इमारतीत आलं. एकुलती एक लेक, सहा वर्षांची नात, आणि जावई असा की साडूभाऊंना नाव ठेवायला जागा सापडेना. तरी दोघांचं पटत नव्हतं. बापानं मध्यस्थ व्हायचं नसतं, म्हणून एक तरुण वकीलबाई नेमल्या गेल्या. साडूभाऊ बाहेरच्या बाकावर, शेजारी मी. दोन तारखा ते हात मांडीखाली दाबून बसले. ती पोरगी पुन्हा सासरी नांदावी, याखेरीज त्यांना त्या दिवसांत काही नको होतं. तिसऱ्या तारखेला दार किलकिलं राहिलं आणि आत दोघं समोरासमोर बसलेले दिसले. साडूभाऊ उठले, आत गेले, जावयाला खूण करून उठवलं, त्याची खुर्ची उचलून लेकीच्या शेजारी ठेवली. वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, "सर, तुम्हाला बाहेर थांबावं लागेल." "व्हय मॅडम, निघालोच," म्हणत ते परत बाकावर आले. मला त्या वेळी त्यांची फार माया आली.

तासाभरानं दोघं बाहेर आले ते वेगळं व्हायचं ठरवूनच. कुणी कुणावर आरोप करायचे नाहीत, नात आईजवळ, दर रविवारी बापाकडे. निदान नीट मिटलं, असं मी म्हणून गेलो. साडूभाऊ बंद दाराकडे पाहत म्हणाले, "लोकांचं तुटलं की मी बी हेच म्हणायचो. नीट तुटलं. पण नीट तुटलं तरी तुटतंच की."

गेल्या रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो. व्हरांड्यात दोन खुर्च्या शेजारी-शेजारी मांडलेल्या, आणि समोर स्टुलावर साडूभाऊ. दर रविवारी अशाच मांडतात, असं मेहुणीबाईंनी मला हळूच सांगितलं. जावई नातीला न्यायला आला आणि फाटकाशीच उभा राहिला. साडूभाऊंनी उपरण्यानं खुर्ची झटकली, तेव्हा तो येऊन बसला. लेक आत मुलीची वेणी घालत होती. ती बाहेर येणार नव्हती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. शेजारची खुर्ची रिकामी राहिली. साडूभाऊंनी आतल्या दाराकडे एकदा पाहिलं, स्टुलावरून उठले आणि त्या रिकाम्या खुर्चीत स्वतः जाऊन बसले. दोघांची तोंडं रस्त्याकडे.

"तिला बर्फाचा गोळा देऊ नका," साडूभाऊ म्हणाले. "लगेच खोकती."

"नाय देत, बाबा," जावई म्हणाला.