टोपातलं बोट

मालवणजवळच्या कट्टा गावातल्या शाळेत मला नोकरी लागली, तेव्हा एकट्या मुलीला खोली द्यायला गावात एकच बाई तयार झाली. मागच्या पडवीला लागून खोली, एक स्टोव्ह, एक टोप, पाण्याची कळशी. तिला सगळे काकी म्हणत, मीही म्हणू लागले. बाईमाणसाने हॉटेलात जेवायला बसणं तिथे शक्य नव्हतं आणि मला साधा भात येत नव्हता. बोर्डिंगच्या शाळेत काटे-चमचे कुठल्या बाजूला मांडायचे तेवढं शिकवलं होतं.

भात आणि कुळथाची पिठी मला काकीनेच शिकवली. एका माणसाला याहून सोपं जेवण नाही. तेलात लसूण-मिरची, मग पाणी, उकळी आली की पाण्यात कालवलेलं पीठ, वर दोन आमसुलं. पण शिकवलं म्हणून टोपावर तिचा हक्क झाला. रोज संध्याकाळी ती यायची, पदराने झाकण उचलायची आणि उजव्या हाताचं पहिलं बोट पिठीत बुडवायची.

त्याच बोटाने ती मशेरी लावत असे. नखाच्या कडेला काळी रेघ कायमची बसलेली. बोट चोखायची, विचार करायची, आणि तेच ओलं बोट पुन्हा आत.

“मीठ खंय आसा गो ह्येच्यात?”

मी चिमूटभर मीठ टाकायचे. बोर्डिंगात ‘नो, थँक यू’ म्हणायला शिकले होते, पण ते काकीला कसं म्हणायचं? ही खोली गेली तर दुसरी मिळणार नव्हती, आणि मग घरी परत, लग्नाला उभी. ती गेली की मी वरची पिठी डावाने काढून केळीच्या बुंध्याशी ओतायचे. उरलेली डोळे मिटून खायचे. महिनाभरात मी कोरडा भात आणि लोणच्यावर आले. तर ती भातातही बोट खुपसून शितं दाबून बघू लागली.

सोमवारी तिच्या घरात मासळी शिजत नसे. त्या दिवशी टोपात मासा असला तर ती बोट घालणार नाही, हे डोक्यात आलं आणि मला माझीच किळस आली, पण सोमवारी शाळा सुटल्यावर मी मालवणहून येणाऱ्या एसटीपाशी उभी राहिले. कोळणीने टोपली उतरवली, तळाशी तीनच बांगडे होते.

“गो बाय, आज सोमवार मां?”

“ठाऊक आहे.”

“मगे तीनव बांगडे घे. आज कोण इचारणा नाय.”

मासा मी कधी हातात धरला नव्हता. विळीवर डोकं कापताना तो निसटून मांडीवर पडला. त्याच्या पोटातून जे आलं ते गरम नव्हतं, तरी भाजल्यासारखा मी हात मागे घेतला. कल्ले ओढले, आतडी बोटांना गुंडाळली गेली, साबणाने तीनदा धुऊनही वास गेला नाही. त्याच हातांनी मी आमटी शिजवली.

काकी आली ती उंबऱ्यावरच थांबली. पदर नाकाला.

“सोमवारचा? माझ्या घरात?”

झाकण मीच उचललं. आवाज माझाच होता की नाही, कळेना. “काकी, चव बघता?”

ती माझ्याकडे बघत राहिली. आता खोली रिकामी करायला सांगणार, असं मला वाटलं.

“आजपासून तुझ्या टोपाक माझो हात लागाचो नाय,” ती म्हणाली. “कदीच नाय.”

पण ती गेली नाही. उंबऱ्याबाहेर खाली बसली आणि मी ताट वाढून घेईपर्यंत बघत राहिली. मी पहिला घास घेतला. जीभ आखडली, इतका तो कडू होता.

“पित्त फोडलंस तू,” काकी म्हणाली. “हयसर वास येता. कडू लागता मां?”

“नाही,” मी म्हटलं. “छान झालंय.”

आणि तिच्या डोळ्यांसमोर तिन्ही बांगडे संपवले.