हातात बसणारा चाकू

माझ्या नवऱ्याचं पोट हातावर होतं आणि हात चाकूवर. संत्र्याच्या बागांमध्ये ते डोळे भरायला जायचे. ज्यांनी बाग पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. जंबेरीच्या रोपाच्या सालीला चीर द्यायची, संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा अलगद काढून त्या चिरेत सरकवायचा आणि वरून पट्टी बांधायची. डोळा जगला की जंबेरीच्या मुळांवर संत्र्याचं झाड उभं राहतं. चीर खोल गेली तर डोळा मरतो, उथळ राहिली तरी मरतो. सगळी मदार बोटांवर. देवळीच्या आसपासचे बागवाले थंडी पडली की यांनाच बोलावणं धाडायचे, आणि त्या दोन-तीन महिन्यांच्या कामावर आमचं वर्ष निघायचं.

त्यांचा चाकू घडीचा होता, शिंगाच्या मुठीचा. लग्न होऊन आले तेव्हा एकदा त्यांनी तो मागितला आणि मी सरळ हातात द्यायला गेले. सासूबाई चुलीपुढून खेकसल्या, "हातोहात चाकू नोको देऊ व! भांडन होते." चाकू खाली ठेवायचा आणि घेणाऱ्यानं आपला आपण उचलायचा, ही आमच्याकडची रीत. भांडायला चाकू कशाला हवा, या घरात तोंडं काय कमी आहेत, असं मी मनातल्या मनात म्हटलं. पण रीत पाळली. पुढे इतकी सवय झाली की ते बाहेर निघाले की मी चाकू उंबऱ्याजवळ ठेवायची आणि ते वाकून उचलायचे.

त्यांच्या हाताचं आमच्या घरात मोठं कौतुक होतं. चुलीतला निखारा ते बोटांनी उचलायचे, बिडी पेटवायचे आणि सावकाश परत टाकायचे. चटका नाही की हुं की चूं नाही. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "माह्या पोराचा हात लोखंडाचा हाये. इस्तवालेही भीत नाई." कुणी पाहुणा आला की त्या मुद्दाम बिडी पुढे करायच्या, आणि माझीही मान ताठ व्हायची. त्यांच्या पाठीवर एक फिकट चट्टा होता. त्याला आम्ही नायटा म्हणायचो आणि गंधक खोबरेल तेलात खलून लावायचो. आमची अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती देव जाणे. पण खरं सांगते, घरात कुणालाच काही वाटलं नाही. लोखंडाला काय होणार?

त्या हिवाळ्यात त्यांनी भरलेले डोळे मरायला लागले. आधी इकडे एक, तिकडे एक. मग ओळीच्या ओळी काळ्या पडल्या. बागवाला भला माणूस होता, पण भलेपणावर झाडं उगवत नाहीत. आणखी एक ओळ मेली तर दुसरा माणूस पाहीन, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. हे घरी येऊन चाकूवर चिडले.

"मूठ झिजली याची," ते म्हणाले. "हातात बसूनच नाई राह्यला. कव्हा निसटते, समजत नाई."

मी मुठीला चिंधी गुंडाळून दिली. दोन दिवसांनी म्हणाले, आणखी जाड कर. आणखी गुंडाळली. तरी चाकू हातातून गळायचा. सासूबाईंनी चाकूची दृष्ट काढली, मिरच्या जाळल्या, सगळं घर खोकून खोकून बेजार झालं. शेवटी ठरलं की नवा चाकूच घ्यायचा. मी पोटुशी होते, चालायला नको असं सासूबाई म्हणत होत्या, पण मी हट्टानं बरोबर निघाले. त्यांचं काम टिकतं की जातं हे त्या चाकूवर होतं, आणि मला तो माझ्या डोळ्यांनी पाहायचा होता.

देवळीच्या बाजारात एक म्हातारा चाकू, कात्र्या, अडकित्ते पोत्यावर मांडून बसायचा. तोही चाकू कुणाच्या हातात द्यायचा नाही. पोत्यावर पुढे सरकवायचा आणि म्हणायचा, उचला. यांनी पहिला चाकू उचलला आणि पात्यावर नख घासून धार पाहू लागले. म्हातारा हसला.

"पात्याकडे काय पाहून राह्यले भाऊ? पातं कोनीही घासून देते. मूठ पाहा, मूठ. जिंदगी तिच्यासंगं काढा लागते."

मग त्यानं शिकवायलाच घेतलं. चारी बोटं मुठीवर मावली पाहिजेत, करंगळी बाहेर लोंबायला नको. मुठीचं बूड तळहातात रुतायला नको. फार बारीक मूठ घेतली तर बोटं आवळून आवळून दुखतात, फार जाड घेतली तर चाकू हाताचं ऐकत नाही. एक चाकू पाहून हे म्हणाले, हा तर लेकराचा हाये. दुसरा पाहून म्हणाले, यानं का बोकड कापाचा हाये? म्हातारा हसला, मी हसले, शेजारी बांगड्या मांडून बसलेली बाईही हसली. किती तरी दिवसांनी त्यांची थट्टा ऐकत होते. आता सगळं मार्गी लागेल असं वाटलं, आणि मला फार बरं वाटलं.

शेवटी दोन चाकू उरले, एक शिसवाच्या मुठीचा आणि एक शिंगाच्या.

"आता डोये मिटा," म्हातारा म्हणाला. "डोयाले साराच माल चांगला दिसते. हाताले विचारा."

यांनी डोळे मिटले आणि हात पुढे केला. चाचपून शिसवाचा उचलला, तो गळून पडला. हसले. शिंगाचा उचलला. पातं अर्धं उघडं होतं. हा पडू नये म्हणून यांनी मूठ करकचून आवळली आणि पातं बोटांवर मिटलं. मी ते मिटताना पाहिलं. रक्त पोत्यावर ठिपकायला लागलं.

डोळे मिटलेलेच होते. चेहऱ्यावर समाधान होतं.

"हा," ते म्हणाले. "हा बसला. टोचत नाई, रुतत नाई, काईच नाई. आरामात बसला. हाच द्या."

बांगड्यावाल्या बाईनं आपली टोपली मागे ओढली. म्हाताऱ्याचा चेहरा पडला होता. तो अगदी हळू म्हणाला, "डोये उघडा, भाऊ."

त्यांनी उघडले. हाताकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोनाचं रगत हाये हे?" त्यांनी विचारलं.

म्हाताऱ्यानं तो चाकू परत घेतला नाही. मी पैसे पुढे केले तर तेही घेतले नाहीत. मी त्याला मनापासून दुवा दिला. पैसे त्याला का नको होते, हे मला घरी पोहोचल्यावर उमगलं. आमच्या हातचं काहीच त्याला नको होतं.

वर्ध्याच्या डॉक्टरांनीही त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि सुई टोचत विचारलं, लागतं का? हे प्रत्येक वेळी नाही म्हणत गेले. महारोग. आता त्यावर गोळ्या निघाल्या आहेत, माणूस बरा होऊ शकतो, असं डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगत होते. पण आमच्या गावात गोळ्यांची बातमी कधी पोहोचली नाही, रोगाची मात्र आमच्याआधी पोहोचली होती. बागवाल्यानं निरोप पाठवला की येऊ नका. विहिरीवर मी गेले की बाया बाजूला व्हायच्या. आणि घरात, ज्या हाताचं एवढं कौतुक होतं, त्या हाताला कुणी काही देईना. सासूबाई भाकर ओसरीवर पानावर ठेवायच्या आणि मागे सरायच्या. पाणी वरून ओतायच्या. त्या आई होत्या, रडत रडत करायच्या, पण करायच्या. मला त्यांचा संताप यायचा. दारची म्हैस आजारी पडली तर तिच्या अंगावरून हात फिरवणारी बाई ही!

हे एकदा ओसरीवर बसून हसत मला म्हणाले, "सारे मले खालीच ठेवून देतात व. मी का चाकू हाओ?"

मी आत जाऊन तोंडात पदर कोंबला.

वर्ध्याकडे महारोग्यांची एक वसाहत होती. तिथे औषध मिळतं, काम मिळतं, असं डॉक्टर म्हणाले होते. यांनी जायचं ठरवलं. मीही येते म्हटलं तर जन्मात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. पोटातल्या लेकराची शपथ घातली. गाडीत कुणी बसू देईना, म्हणून पायीच निघाले. मी शिवेपर्यंत गेले. सासूबाई दारातच थांबल्या.

शिवेवर त्यांनी विचारलं, "चाकू आनला का?"

नवा चाकू मी धुऊन पदरात बांधून आणला होता. सोडला.

"ठेव खाली," ते म्हणाले. "मी उचलतो."

"नाई ठेवत."

"अव, भांडन होईन."

"होऊ द्या," मी म्हटलं. "करू भांडन."

मी त्यांचा हात हातात घेतला, पातं नीट मिटलंय ना ते पाहिलं, चाकू तळहातावर ठेवला आणि त्यांची बोटं एकेक करून मुठीवर वळवली. करंगळीही आत बसली. माझा हात मी लगेच काढला नाही. त्यांना तो कळत नव्हता, म्हणून ते माझ्या हाताकडे टक लावून पाहत राहिले.

"बसला का?" मी विचारलं.

"दिसते तं बसलेला," ते म्हणाले.

लेक झाली. तिला घेऊन वसाहतीत जायचं माझ्या मनात होतं, तेवढ्यात उन्हाळ्यात तिकडून निरोप आला. पायाला काटा लागला होता, तो त्यांना कळलाच नाही. जखम चिघळत गेली, ताप चढला आणि ते गेले.

हातोहात चाकू दिला की भांडण होतं म्हणतात. मी त्या भांडणाची फार वाट पाहिली.